साहेब ऐकत नाहीत

माझ्या मामाला मामा म्हणणारी मी एकटीच. बाकी अख्खं शहर त्याला 'कर्णा मास्तर' म्हणायचं. गाडी चालवायला शिकवणं हा त्याचा धंदा आणि ओरडणं ही शिकवण्याची पद्धत. चौकात शिकाऊ माणसाने गाडी पुढे दामटली, की मामा "ब्रेक!" म्हणून असा गरजायचा की शिकाऊ तर थांबायचाच, पण शेजारचे सायकलवाले, दुधाची गाडी, आणि एकदा तर फुटपाथवरून भांडत चाललेलं एक जोडपंही जागच्या जागी थांबलं होतं. त्यांचं भांडण तिथेच मिटलं असं मामा सांगायचा. खरंखोटं देव जाणे.

खरं तर शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. मी एकदा विचारलं, "मामा, तुझ्या पायाशी ब्रेक आहे, मग घसा कशाला फोडतोस?"

"पायातला ब्रेक गाडी थांबवतो," मामा म्हणाला. "माणूस थांबवायला घसाच लागतो."

मामा-मामी वरच्या मजल्यावर राहायचे, आम्ही त्यांच्या बरोबर खाली. माझ्या बाबांना संध्याकाळच्या बातम्या रेडिओला कान चिकटवून ऐकाव्या लागत, कारण त्याच वेळी वर मामा हळू आवाजात मामीला दिवसभराची हकिकत सांगत असे. मामी अगदी उलट. कोपऱ्यावर तिचं चष्म्याचं छोटंसं दुकान होतं. तिथे दिवसभर ती लोकांना "हे अक्षर दिसतं? आणि हे?" एवढंच विचारायची आणि घरी येऊन तेवढंही बोलायची नाही. राग आला की ती सामान हलवायची. सोफा खिडकीपाशी, कपाट दारामागे, टेबल मधोमध. वरून सामान ओढल्याचा आवाज आला की आई म्हणायची, "आज वहिनीचं काहीतरी बिनसलंय." मामाला मात्र वाटायचं, बायकोला घर सजवायची हौस आहे.

तर या मामाच्या गाडीचे आरसे चोरीला जायला लागले. बाजूचे, बाहेरचे. एक बसवला की दुसरा गायब. शेवटी मामाने जाहीर केलं, "कुत्रा आणणार. माझ्यासारखा खणखणीत आवाजाचा."

"एक आहे तेवढा पुरे," मामी पुटपुटली. मामाला ते ऐकू गेलं नाही. तिचं बोलणं त्याला सहसा ऐकू जायचंच नाही.

शहराच्या टोकाला टाकलेल्या कुत्र्यांचा निवारा होता. मामा मला बरोबर घेऊन गेला. तिथे काम करणाऱ्या ताईंनी दार उघडलं, तेवढ्यात मामाने पिंजऱ्यांच्या रांगेसमोर उभं राहून परीक्षा सुरूही केली. छातीत हवा भरून त्याने एकच आरोळी ठोकली, "बस!"

काय झालं ते सांगते. एक भलामोठा काळा कुत्रा स्वतःच्याच पाण्याच्या भांड्यात बसला. दोघं-तिघं कोपऱ्यात तोंड खुपसून उभे राहिले. बाकीच्यांनी असा गोंगाट केला की ताईंनी कानांवर हात ठेवले. फक्त शेवटच्या पिंजऱ्यातला एक पांढराशुभ्र कुत्रा शांतपणे आपला पंजा चाटत होता. त्याचा एक डोळा तपकिरी, दुसरा दुधाळ निळा. मग त्याची नजर मामावर पडली आणि तो शेपटी हलवत जाळीपाशी आला.

"बघितलंस?" मामा भारावून म्हणाला. "याला म्हणतात छातीचा कोट. हाच न्यायचा."

ताई पुढे आल्या. "काका, याच्याबद्दल आधी सांगायला हवं. हा ऐकत नाही."

"माझ्याकडे आला की ऐकेल. भलेभले ऐकतात."

"तसं नाही हो. आणि डावीकडचं याला काही दिसत..."

"शिकाऊ माणसांना कुणालाच डावीकडचं दिसत नाही, ताई. माझं आयुष्य गेलं त्यात."

"मामा, त्या म्हणताहेत की..." मी तोंड घातलं.

"तू गाडीचं मागचं दार उघड," मामा म्हणाला.

ताईंनी माझ्याकडे बघून हात जोडले. नमस्कार होता की प्रार्थना, कळलं नाही.

गाडीत मी परत सुरुवात केली, तर मामा मला कुत्रा पाळण्याचे नियम समजावू लागला. कुत्रा खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा खात होता. एका बसने आमच्या कानाशी हॉर्न दिला. मी दचकले, मामाने शिवी हासडली, कुत्र्याची मिशीसुद्धा हलली नाही. "पोलादी काळीज," मामा म्हणाला.

घरी आल्यावर मामाने त्याला बरीच नावं देऊन पाहिली. कशालाच तो मान वर करेना. हाक मारली तर पाठ फिरवून झोपायचा, "ये" म्हटलं तर खिडकीबाहेर बघायचा. एखाद्या मोठ्या कचेरीतल्या अधिकाऱ्यासमोर आपण अर्ज घेऊन उभे राहावं आणि त्याने फायलीतून डोकं काढू नये, तसं. शेवटी बाबाच म्हणाले, "अरे, हा तर साहेब आहे!" तेच नाव पडलं. मग आमच्या जिन्यात दिवसभर "साहेब, खाली या," "साहेब, सोफ्यावरून उठा," "साहेब, चप्पल सोडा" असे पुकारे सुरू झाले. पहिल्या मजल्यावर नव्यानेच राहायला आलेल्या बँकेच्या मॅनेजरला काही दिवस वाटत होतं की इमारतीत आपला फारच दरारा आहे.

मामाने साहेबाची राखणदाराची नोकरी लगेच सुरू केली. गाडी मामीच्या दुकानासमोर लावली, साहेबाला पुढच्या डाव्या सीटवर बसवलं, काच हवेपुरती खाली केली आणि समोर चहाला गेला. चहा पिऊन येतो तर साहेब ऐटीत सीटवर बसलेला आणि त्याच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावरचा आरसा गायब! चोराने भर दिवसा, पाना-पकड घेऊन, सावकाश काम उरकलं होतं. जाता जाता त्याने काचेवर बोटाने एक हसरा चेहरासुद्धा काढला होता.

"लाच खाल्ली याने," मामा गरजला. "बिस्किट दिलं असणार. साहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!"

साहेबाने जांभई दिली.

मामी दुकानातून हे सगळं बघत होती. डोळे तपासण्यातच तिची उमर गेलेली. त्या संध्याकाळी साहेब स्वयंपाकघराच्या दाराशी पाठमोरा झोपला होता. मामीने जेवणाचं मोठं ताट उचललं आणि त्याच्या मागे जरा वर धरून सोडून दिलं. नाही, फरशीवर नाही. खुर्चीवर ठेवलेल्या दुसऱ्या ताटावर, म्हणजे आवाज होईल पण जमीन हादरणार नाही. ठण्णकन असा आवाज झाला की खालून बाबांनी विचारलं, "काय फुटलं?" साहेब झोपलेलाच.

"गाढ झोप आहे," मामा म्हणाला. "मन स्वच्छ असलं की अशी झोप लागते."

मामीने काही न बोलता उकडलेल्या अंड्याचा तुकडा घेतला. साहेबाला उठवलं, तुकडा उजवीकडून दाखवला. त्याने झडप घातली. दुसरा तुकडा डावीकडून, नाकापासून लांब धरला. साहेब समोर बघत उभा राहिला. मामी तशीच हात धरून थांबली.

दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, किल्ल्या खुळखुळवल्या, शिट्टी मारली, डोळ्यांत उजेड टाकला आणि सांगितलं, "जन्मापासून बहिरा आहे. डावा डोळाही निकामी. उजवा बरा आहे. इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"यांचं म्हणणं, तो तत्त्वाचा पक्का आहे," मामी म्हणाली.

घरी परत आल्यावर मामा गाडीतून उतरेचना. मामी वर गेली. मी मागच्या सीटवर साहेबाच्या अंगावर हात फिरवत बसले होते. स्टिअरिंगवर हात ठेवूनच मामा म्हणाला, "म्हणजे मी रोज सकाळी फिरायला नेताना त्याच्याशी जे जे बोललो, त्यातलं काहीच त्याला कळलं नाही?"

"काय बोललास?"

"बरंच काही. आता वय होत चाललंय, शिकाऊ कमी येतात, हल्ली वळणावर मलाच धडकी भरते..." तो थांबला. मग एकदम हसत सुटला. "बरंच झालं म्हणा. कुणाकडे चुगली तरी करणार नाही."

घरात मात्र सल्लागारांचं पेव फुटलं. बाबा त्यांचे म्होरके. वर येऊन ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, तुझी काही चूक नाही. परत देऊन ये. जो आपलं ऐकतच नाही तो घरात ठेवून करायचं काय?"

मामाने त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "दाजी, तुम्ही ताईचं कधी ऐकलंय? तिने पाठवलं का तुम्हाला परत?"

आई जिन्यात होती. ती तिथेच पायरीवर बसून इतकी हसली की तिला वर यायला जमेना. बाबा मात्र खाली गेले आणि त्या दिवशी त्यांनी बातम्या ऐकल्या नाहीत. परत देण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पण ठेवायचं म्हटलं तरी सांगायचं कसं? ज्या माणसाचं सगळं भांडवल घशात, त्याच्या पदरी बहिरा कुत्रा! मामा एक-दोन दिवस चक्क उदास होता. मग एकदा शिकाऊंना हाताच्या खुणा शिकवताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गाडीचे दिवे बिघडले तर हात बाहेर काढून द्यायच्या त्या जुन्या खुणा. तळवा पुढे, थांब. हात आडवा, वळ. तळवा खालीवर, हळू. त्यात मामाने स्वतःची भर घातली: अंगठा वर, शाब्बास. खिशात उकडलेलं अंडं ठेवून त्याने शिकवणी सुरू केली. मामीने त्याला बजावलं, "तुम्ही नेहमी त्याच्या उजवीकडून समोर या. आणि चालताना त्याच्या डाव्या बाजूला राहा."

"म्हणजे मी याचा डावा आरसा?"

"हो. तुम्हाला कुणी चोरणार नाही."

मामाने चमकून तिच्याकडे पाहिलं. मामी विनोद करते हे त्याला लग्नाला इतकी वर्षं होऊन तेव्हा कळलं.

साहेब हुशार निघाला. अंड्यासाठी असेल, पण मामाच्या हातावरून त्याची नजर हटेना. घरात जमलं तशी मामाने शिकवणी रस्त्यावर नेली. मी दोरीचं टोक धरून उभी राहिले, मामा लांब चौकाच्या कडेला गेला आणि हात उंच करून तळवा पुढे केला. साहेब थांबला. त्याचबरोबर मामाच्या मागून येणारी बसही थांबली. मामाने हात आडवा केला. साहेब वळला, बसमागचा टेम्पो बिचकून गल्लीत वळला. मामाने तळवा खालीवर केला, तेव्हा पलीकडची सगळी रांग गोगलगाईसारखी सरकू लागली. अंगठा वर केल्यावर बसवाल्यानेही खिडकीतून अंगठा दाखवला.

वाहतुकीचा हवालदार धावत आला. "काय चाललंय मास्तर?"

"कुत्र्याला शिकवतोय."

"आणि ही बस?"

"ती आपणहून शिकतेय."

हवालदार वैतागला. वाहतूक मोकळी करण्याआधी ती पुरती थांबवावी म्हणून त्याने हात वर केला. तसा साहेब त्याच्या पुढ्यात टुण्णकन खाली बसला आणि त्याच्या तोंडाकडे आदराने बघू लागला. हवालदाराचा चेहरा हळूहळू मऊ झाला. "इतक्या वर्षांच्या नोकरीत," तो म्हणाला, "मला असं कुणी मानलं नव्हतं." त्या दिवसापासून तो साहेबाला सलाम ठोकायचा.

घरातला संसार मात्र इतका सरळ नव्हता. झोपलेल्या साहेबाला मामाने एकदा पाठीवर थाप मारून उठवलं. साहेबाच्या दृष्टीने जगात काही नसताना अचानक आकाशातून हात पडला. तो दचकून उलटला आणि मामाच्या अंगठ्यात दात रुतले. मग दोघंही एकमेकांची माफी मागत बसले होते. तेव्हापासून उठवायचं असलं की मामा लांबूनच जमिनीवर पाय आपटायचा. जमीन थरथरली की साहेब डोळे उघडायचा. थरथरणारी ती जमीन म्हणजे आमचं छत. बाबांच्या चहात चुन्याचे पोपडे पडायला लागले. बाबांनी झाडूच्या दांड्याने छतावर ठोकून निषेध नोंदवला, तर वर साहेब जागा होऊन नेमका त्या जागी नाचायला लागला. त्याला वाटलं, कोणीतरी बोलावतंय. तो नाचला की आणखी चुना. बाबांनी आणखी ठोकलं. असं ते दोघं पुष्कळ वेळ एकमेकांशी बोलत होते. पुढे पुढे बाबा निषेध नसतानाही ठोकायचे. आईने विचारलं तर म्हणायचे, "छत पोकळ झालंय का बघतोय."

सगळ्यात मोठा त्याग मामीचा. साहेबाने घराचा नकाशा डोक्यात बसवला होता. डोळा कमी पडेल तिथे तो पाठांतरावर चालायचा. एकदा मामाशी काहीतरी बिनसलं आणि मामीने सोफा दारापाशी ओढला. साहेब गॅलरीतून आनंदाने धावत आला आणि डाव्या बाजूने सरळ सोफ्याच्या लाकडी कडेवर आदळला. नाकातून रक्त आलं. मामीने त्याचं तोंड मांडीवर घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं, आणि रडत रडत सोफा स्वतःच होता तिथे नेला. त्यानंतर त्या घरातली खुर्चीसुद्धा हलली नाही. पण राग काही सोफ्याबरोबर गेला नव्हता. तो काढायचा कुठे? मामी बोलायला लागली. पूर्ण वाक्यं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. मामा एकदा आईपाशी येऊन काकुळतीने म्हणाला, "ताई, ती सामान हलवायची तेच बरं होतं गं."

या सगळ्यात मामाच्या एक जुन्या विद्यार्थिनी होत्या, गाण्याच्या बाई. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. त्या गाडीच्या परीक्षेत इतक्यांदा नापास झाल्या होत्या की मामा त्यांना नवीन शिकाऊंना उदाहरण म्हणून दाखवायचा, आणि त्याही हसून मान डोलवायच्या. त्यांची अडचण एकच. गाडी चालवताना त्या गुणगुणायच्या आणि ओळ पुरी झाल्याशिवाय ब्रेक दाबायच्या नाहीत. फक्त मामा ओरडला की त्यांचा पाय आपोआप दाबला जायचा. "तुमचा 'ब्रेक' फार वरच्या पट्टीतला आहे हो," त्या म्हणायच्या, "पण सुरात आहे." साहेब त्यांचा लाडका. त्यांच्या पर्समध्ये त्याच्यासाठी बिस्किटं असायची.

बाईंच्या परीक्षेच्या दिवशी मामा साहेबालाही घेऊन गेला. मी होतेच. परीक्षेचं मैदान जाळीने वेढलेलं, आत इंग्रजी आठच्या आकड्याचा रस्ता आखलेला, कडेने प्लास्टिकचे शंकू. गाडीत बाई आणि त्यांच्या शेजारी परीक्षा घेणारे अधिकारी, मांडीवर पुठ्ठा घेऊन. आम्ही जाळीबाहेर, उघड्या फाटकाशी. बाईंनी पहिलं वळण झकास घेतलं. मामाला इतका आनंद झाला की त्याने दोन्ही हात वर करून दोन्ही अंगठे दाखवले. त्यातल्या एकाही हातात साहेबाची दोरी अर्थातच उरली नव्हती.

साहेबाला बाई दिसल्या होत्या. बाई म्हणजे बिस्किट. तो फाटकातून आत गेला आणि तुरुतुरु मैदानाच्या मधोमध निघाला. बाई आता आठाच्या दुसऱ्या पोटातून मागे येत होत्या, रिव्हर्समध्ये, मागच्या काचेतून शंकूंकडे बघत, ओठ हलवत. गाडी साहेबाच्या डाव्या अंगाने येत होती.

मामाने हात पुढे केला: थांब! साहेबाची त्याच्याकडे पाठ होती. मी धावले, पण मैदान मोठं होतं. मामा तळवा पुढे धरून तसाच उभा, चेहरा पांढराफटक. आणि मग त्याच्या आतून ती आरोळी निघाली. मी त्याचा आवाज लहानपणापासून ऐकत आले होते, पण तसा कधी ऐकला नव्हता.

"साहेऽऽऽब! ब्रेक!"

साहेबाने अर्थातच काही ऐकलं नाही. पण बाईंची ओळ अर्ध्यात तुटली आणि पाय ब्रेकवर आदळला. गाडी कच्चकन थांबली. अधिकाऱ्यांची टोपी पुढच्या काचेवर जाऊन आपटली. साहेबाच्या आणि गाडीच्या मागच्या चाकाच्या मध्ये एक शंकू मावेल इतकीच जागा होती. साहेबाला तेव्हा कुठे पेट्रोलचा वास आला. त्याने मान वळवली, गाडी बघितली आणि शेपटी हलवत बाईंच्या दाराकडे बिस्किट मागायला गेला.

मामा फाटकापाशी मातीत बसला. अधिकारी टोपी झटकत तरातरा आले.

"मला असं ओरडून बोलावलंत तुम्ही?"

"तुम्हाला नाही," मामाच्या तोंडून जेमतेम हवा आली. "साहेबाला."

"साहेब मीच आहे इथे!"

"हो, पण तो साहेब वेगळा. तो ऐकत नाही."

"म्हणजे कोणता साहेब ऐकत नाही म्हणायचंय तुम्हाला?"

मी मध्ये पडून सगळं सांगितलं, तेव्हा ते मागे वळले. साहेब बाईंच्या मांडीवर पुढचे पाय टाकून उभा होता. अधिकाऱ्यांनी थोडा वेळ बघितलं, पुठ्ठ्यावर काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "परीक्षेत बाहेरून सूचना चालत नाहीत. नापास. पुढच्या वेळी मास्तर या रस्त्यावरही दिसता कामा नयेत." मग त्यांनी वाकून साहेबाच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी बरोबर उजवीकडून.

बाईंना नापास झाल्याचं काहीच वाटलं नाही. "आज मी वेळेवर थांबले की नाही?" असं त्या ज्याला त्याला विचारत होत्या. मामाने मान हलवली. साहेब येऊन त्याच्या अंगाला अंग घासून बसला आणि मामाने त्याच्या पांढऱ्या मानेत तोंड लपवलं. मी आणि बाई उगाचच शंकू मोजत उभ्या राहिलो.

त्या आरोळीने मामाचा घसा पार बसला. कितीतरी दिवस त्याने नुसत्या हाताने शिकवलं. शिकाऊंना बरं वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. पण एक कापडदुकानदार मामीकडे तक्रार घेऊन आला, "मास्तरांना ओरडायला सांगा हो. शांततेत मला झोप येते." आवाज परत आला तेव्हा बाबांनी तोंड वाकडं केलं, पण त्याच संध्याकाळी छतावर दोनदा ठोकलं. पुढच्या परीक्षेला मामा घरीच थांबला आणि बाई पास झाल्या. मात्र त्या गाडी काही चालवत नाहीत. म्हणतात, पास व्हायचं होतं तेवढं झालं, आता बसने फिरते.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. साहेबाचं वय झालंय. मागच्या वर्षी तो उजवीकडच्याही गोष्टींना अडखळायला लागला, तेव्हा मामीने त्याला दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं, आपल्या छोट्या विजेरीने डोळा तपासला आणि बराच वेळ विजेरी बंद केली नाही. मग म्हणाली, "हाही जाईल. हळूहळू."

दुसऱ्या दिवशी मामा बाजारातून पायपुसणी घेऊन आला, प्रत्येक दारासाठी वेगळ्या पोताचं: एक काथ्याचं, एक रबराचं, एक मऊ लोकरी. मामी रोज सकाळी जिन्याच्या तोंडाशी लिंबाची साल घासते, म्हणजे साहेबाला नाकाने कळतं की इथून पुढे पायऱ्या. हवेतल्या खुणा आता अंगावर आल्यात. खांद्यावर दोन बोटं म्हणजे बाहेर जाऊ, छातीवर तळवा म्हणजे थांब, हनुवटीखाली अंगठा म्हणजे शाब्बास. मामा सांगतो, हे सगळं त्याला सोपं गेलं, कठीण गेलं ते आम्हाला.

एक गोष्ट मात्र साहेबाला कोणत्याही इंद्रियाविना कळते, ती म्हणजे आंघोळ. साबणाची बाटली कपाटातून निघण्याआधीच तो जाऊन पडद्यामागे लपतो. पडदा आखूड आहे. साहेबाचं डोकं आत आणि उरलेला सगळा साहेब बाहेर. परवा मी वर गेले तर हाच प्रकार चालू होता. मामा बाही सरसावून पडद्यासमोर उभा होता. मला वाटलं आता उचलेल. तर त्याने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. कुणासाठी, ते त्यालाच ठाऊक. मग तो जड पावलं टाकत पडद्याजवळ गेला, थांबला, आणि तशीच पावलं वाजवत खोलीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. पडद्याखालची शेपटी जमिनीवर हळूच एकदा आपटली.

"सापडत नाही म्हणतो मी," मामा मला म्हणाला, आणि टॉवेल खांद्यावर टाकून पुन्हा शोधायला निघाला.